स्केट पार्क बांधायचाय? सिमेंटच्या आधी खडू आणा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या पूर्व उपनगरात महापालिकेच्या मैदानाच्या कोपऱ्यात साधारण २० बाय २५ मीटर जागा आहे. तिथे जुनी स्केटिंग रिंक पडून आहे. लोकप्रतिनिधींच्या निधीतून आता तिथे स्केट पार्क होऊ शकतो. परिसरातली पंचवीस-तीस मुलं स्केटबोर्ड चालवतात. त्यांना सामील करून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि ठेकेदाराला काय सांगायचं?

हे दोन प्रश्न वाटतात, पण मुळात एकच आहे. तुमच्या ठेकेदाराने आजवर गटारं, पदपथ, फार तर एखादी रिंक केली असेल. देखरेखीवरचा इंजिनिअर स्केटबोर्डवर कधी उभा राहिलेला नसेल. म्हणजे या सगळ्या कामात चूक बघताक्षणी ओळखू शकतील अशी माणसं कोण? ती पोरंच. त्यामुळे त्यांना भूमिपूजनाच्या फोटोपुरतं बोलावू नका. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याकडून तपासणी करून घ्यायची, असं धरून चाला.

आधी कागदावरचा एक शब्द नीट करा. रिंक आणि स्केट पार्क या वेगळ्या वस्तू आहेत. रिंक म्हणजे सपाट फरशी आणि भोवती कठडा. तिथे इनलाइन किंवा चार चाकांचे स्केट घालून फेऱ्या मारतात. पार्कला उतार लागतात, वळणदार भिंती लागतात, घासत जायला कडा लागतात. फाइलवर नुसतं ‘स्केटिंगची सोय’ असं लिहिलंत तर जुनं अंदाजपत्रक काढून पुन्हा रिंकच होईल, वर कडेने हिरवा रंग. ‘काँक्रीटचा स्केटबोर्ड पार्क’ असं स्पष्ट लिहा आणि सोबत मापांचा आराखडा जोडा. सध्याच्या रिंकवर सकाळी कुणी वर्ग घेतं का, तेही विचारून घ्या. त्यांची जागा न सांगता गेली तर पहिली तक्रार त्यांचीच येईल, आणि ती रास्त असेल.

काही गोष्टी जागा पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. पहिली म्हणजे जमीन. मुंबईतली बरीच मैदानं भरणीवर आहेत. खाली डेब्रिज, त्याखाली खाडीचा गाळ. चार कोपऱ्यांत आणि मधोमध मीटर-दीड मीटरचे खड्डे खणून बघा. प्लास्टिक, विटांचे तुकडे, काळा चिखल निघाला तर वरचा थर काढून मुरूम भरावा लागेल, १५० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबून. एकदम अर्धा मीटर भरून वरून रोलर फिरवला तर खालचा मुरूम सैलच राहतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात फरशी खचते. दुसरी गोष्ट पाणी. त्यावर पुढे सविस्तर लिहितो. तिसरी शेजार. खिडक्या किती जवळ आहेत, यावर वेळा आणि दिवे ठरतील. लाकडी किंवा पत्र्याच्या रॅम्पपेक्षा भरीव काँक्रीटचा आवाज बराच कमी येतो, हे सोसायटीच्या बैठकीत सांगता येईल.

जागा अजून बदलता येण्यासारखी असेल तर उड्डाणपुलाखालची जागाही बघा. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली बाग होऊ शकली, तसा स्केट पार्कही होऊ शकतो. पावसाळ्यात कोरडं छप्पर फुकट मिळतं आणि रहदारीच्या आवाजात चाकांचा आवाज विरून जातो. मात्र दोन्ही बाजूंना भक्कम जाळी हवी, कारण सुटलेला बोर्ड सरळ गाडीखाली जातो, आणि त्याच्या मागे मूल धावतं. पुलाच्या तपासणीला लागणारी वाटही मोकळी ठेवावी लागते.

आता मुलांकडे येऊ. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारून बैठक सुरू करू नका. मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसलेला खोल बाऊल, म्हणजे वाटीसारखा गोलाकार खड्डा, आणि बारा पायऱ्यांची रेलिंग, एवढंच उत्तर येईल. त्यात त्यांची चूक नाही. मोजून बघायची संधी मिळाली नाही की कुणीही स्वप्नंच सांगतो.

त्यापेक्षा तुमची ती पडीक रिंक वापरा. तोडायची घाई करू नका. दोन महिन्यांसाठी तुम्हाला फुकटची प्रयोगशाळा मिळाली आहे. खडू, मोजपट्टी आणि दोन-तीन तात्पुरते अडथळे एवढंच लागतं. घासायचा कट्टा २.४ मीटर लांब, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच करा. आठ बाय चार फुटांच्या १८ मिमी प्लायच्या एका शीटमधून त्याचा वरचा भाग आणि दोन्ही लांब बाजू बरोबर निघतात. शेवटची तोंडं आणि आतले आडवे आधार दुसऱ्या शीटमधून काढा; आधार दर ४० सेंमीवर. एका काठाला ५० बाय ५० मिमीचा लोखंडी अँगल, स्क्रूची डोकी आत बुडवून. सोबत १५ सेंमी उंचीचा सपाट चौथरा आणि एक छोटा उतार. हे सगळं चार पोरांना उचलून हलवता आलं पाहिजे, हीच खरी गंमत आहे.

मग चार शनिवार-रविवार तिथे खेळू द्या आणि पोरांनाच नोंदी करायला लावा. कोण कुठून निघालं, कुठे दोघं आमनेसामने आले, रांगेत किती वेळ थांबावं लागलं, कुठे पडले, कुठली वस्तू आठवडाभर कुणी वापरलीच नाही. दर आठवड्याला अडथळे सरकवा आणि खडूच्या रेघा नव्या मारा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वस्तू जास्त हव्या असतात. तिसऱ्यापर्यंत बहुतेक जण ‘मधे जागाच नाही’ म्हणायला लागतात. नकाशावर दहा बैठका घेऊनही जे पटत नाही, ते असं पटतं.

गटात कोण असावं यावर थोडा हट्ट धरा. आजचा सोळा वर्षांचा चांगला खेळाडू मंजुरी, निविदा आणि बांधकाम होईपर्यंत एकोणीसचा होतो आणि कॉलेज-नोकरीला लागतो. म्हणून दहा-बारा वर्षांची नवशिकी मुलं गटात हवीतच. मुली किमान एक तृतीयांश असू द्या आणि त्यांच्याशी एकदा वेगळं बोला. प्रकाश, बसायची जागा, शौचालय आणि प्रवेशाची वाट रस्त्यावरून दिसते की नाही, हे मुद्दे मुलग्यांच्या घोळक्यात बहुधा निघत नाहीत. सोसायटीतली आणि शेजारच्या वस्तीतली, दोन्हीकडची मुलं एकाच बैठकीत बसवा. संध्याकाळी क्लास सुटल्यावर बोलवा, वडापाव ठेवा आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे महिने टाळा. पालकांची लेखी संमती घ्या आणि बैठकीला दोन मोठी माणसं हजर ठेवा.

त्यांना खरा अधिकारही द्या, पण त्याची हद्द आधीच सांगा. अडथळ्यांची निवड, उंची, जागा आणि रंग मुलांनी ठरवायचे. लोखंड, निचरा, कठड्याची उंची इंजिनिअरने. अडथळ्यांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर अंदाजे खर्च लिहा आणि एकूण रकमेत बसवायला सांगा. भांडतील, पण बसवतील. जे नाकारलं त्याचं कारण पुढच्या बैठकीत सांगा. कारण कळलं नाही की मुलं तिसऱ्या बैठकीला येत नाहीत.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार या गावी २०१५ मध्ये साधारण तुमच्याएवढ्याच जागेवर, म्हणजे ४५० चौरस मीटरवर, स्केट पार्क उभा राहिला. तिथले नियम दोनच: शाळेत गेलात तरच खेळायचं, आणि मुलींना पहिला मान. नियम असे मोजके आणि सगळ्यांना पाठ असावेत. सतरा कलमांचा फलक कुणी वाचत नाही.

आता मापं. २५ मीटर लांबीत किती मावतं ते बघा. एका टोकाला दीड मीटरचा उभं राहायचा ओटा. पुढे ०.९ मीटर उंचीची वळणदार भिंत, म्हणजे क्वार्टर पाइप. तिची त्रिज्या २.१ मीटर घेतली तर वळण जमिनीवर सुमारे १.७ मीटर घेतं. मग ७ मीटर सपाट. मग मधला फनबॉक्स: ६० सेंमी उंच, दोन्हीकडे साधारण २२ अंशांचे दीड-दीड मीटरचे उतार, वर १.८ मीटरचा माथा, एकूण ४.८ मीटर. पुन्हा ६ मीटर सपाट. शेवटी १.२ मीटर उंच आणि २.३ मीटर त्रिज्येची भिंत, तिला २ मीटर, आणि मागे पुन्हा दीड मीटरचा ओटा. बेरीज साडेचोवीस मीटर. म्हणजे तुमच्या जागेत एका सरळ रेषेत दोन भिंती आणि मधे एकच अडथळा, बस्स. दुसरा घातलात की उतरल्यावर तोल सावरायला आणि पुन्हा पाय मारायला जागा उरत नाही. दोन अडथळ्यांत ६ मीटरपेक्षा कमी सपाट ठेवू नका.

भिंतीच्या वळणाचा हिशोब ठेकेदारासमोर करून दाखवा: उंची गुणिले, दोन त्रिज्या उणे उंची, त्याचं वर्गमूळ म्हणजे वळणाची जमिनीवरची लांबी. त्रिज्या कमी करून जागा वाचवायचा मोह होईल. ०.९ मीटर उंचीला १.२ मीटर त्रिज्या दिली तर भिंत इतकी उभी होते की नवशिक्याला ती चढताच येत नाही. पार्क बांधून मग मुलं तो टाळतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

२० मीटर रुंदीत एका बाजूला कट्टे आणि जमिनीलगतची ३० सेंमी उंच लोखंडी पाइपची रेल ठेवा. दुसरीकडे, फाटकाजवळ पण वेगाच्या रेषेबाहेर, साधारण ५ बाय ८ मीटर नुसतं सपाट आणि १५ सेंमीचा एक चौथरा, शिकणाऱ्यांसाठी. फाटक कधीही भिंतीच्या समोर काढू नका. आत येणारं लहान मूल थेट उतरणाऱ्याच्या वाटेत येतं. ओट्यांच्या मागे सुमारे १.१ मीटर कठडा हवा. बाऊल मात्र नकोच, निदान मुंबईत उघड्या जागेवर नको. जून ते सप्टेंबर तो हौद होतो, त्यात डास होतात आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाशी रोजची भेट सुरू होते.

पाण्याचं म्हणाल तर तासाला ५० मिमी पाऊस धरा. ५०० चौरस मीटरवर ते तासाला २५,००० लिटर होतं. सगळ्या फरशीला एकाच दिशेने १०० ला १ ढाळ द्या. त्याहून कमी दिला की डबकी होतात, आणि २ टक्क्यांवर गेलात की बोर्ड आपोआप घरंगळतो. २० मीटर रुंदीला म्हणजे २० सेंमीचा फरक. तो बांधकामाआधी पातळी यंत्राने खुंट्यांवर खूण करून घ्या, डोळ्याच्या अंदाजाने नको. ढाळ धावण्याच्या दिशेला आडवा असावा. जाळीचं गटार खेळायच्या जागेबाहेरच. स्केटबोर्डचं चाक साधारण ५२ मिमीचं असतं, ते जाळीच्या फटीत अडकलं की मूल तोंडावर पडतं. आणि गटार ज्या चेंबरला जोडणार, त्याची पातळी भरतीच्या वेळी बघा. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की सखल भागात वाहिनीतलं पाणी उलटं येतं. शंका असेल तर पूर्ण फरशी आजूबाजूच्या मैदानापेक्षा १५ ते ३० सेंमी वर उचला.

काँक्रीटवर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन. किनाऱ्याजवळच्या हवेसाठी आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, एम-३० (आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत) आणि सळईवर ४५ मिमी आवरण धरा. समुद्राचे तुषार थेट पोचत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. खाली दाबलेला मुरूम, त्यावर १०० मिमी कच्चं (बिनसळईचं) काँक्रीट, जाड प्लास्टिकचा कागद, मग १५० मिमीची फरशी. १० मिमी सळई दोन्ही दिशांना २०० मिमी अंतराने घातली तर चौरस मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास लोखंड लागतं. ४०० चौरस मीटर सपाट भागाला जोड धरून पावणेतीन टन, आणि काँक्रीट ६० घनमीटर, म्हणजे रेडीमिक्सच्या सहा घनमीटरच्या दहा गाड्या. सळई काँक्रीट ओतताना पायाखाली दबून तळाला जाते. तिच्याखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक मीटरभराच्या आत हवेत. विटांचे तुकडे चालणार नाहीत.

वळणदार भिंतींत सगळ्यात जास्त गडबड होते, आणि तिचं कारण एकच. पंपाने ओतता यावं म्हणून रेडीमिक्सवाला पातळ माल पाठवतो. तो वळणावर थांबत नाही, खाली घसरतो आणि पायथ्याशी फुगवटा येतो. मग मुकादम वरून पाणी आणि कोरडं सिमेंट मारून आकार ‘बसवतो’. भिंतींसाठी ५० ते ७५ मिमी स्लंपचा (साचा काढल्यावर ओला माल किती खाली बसतो ते माप) घट्ट माल स्वतंत्र मागवा आणि घमेल्याने चढवा. जलतरण तलावांना गनायटिंग, म्हणजे दाबाने काँक्रीट फवारण्याचं काम, करणारी टोळी मिळाली तर फवाऱ्याने काम आणखी चांगलं होतं. १८ मिमी प्लायचे वळणाचे साचे कापून दर सव्वा ते दीड मीटरवर उभे करा आणि त्यांवरून सरळ पट्टी ओढत आकार काढा. सगळे साचे एकाच मूळ साच्यावर ठेवून कापायचे. इथे पोरांना बोलवा: साचा जमिनीवर ठेवून बोर्ड लावून बघणं त्यांना पाच मिनिटांत जमतं, आणि काँक्रीटच्या आधी चूक दुरुस्त करायला फक्त करवत लागते.

निविदेत एक अट घालून घ्या: मूळ कामाआधी १.२ मीटर रुंदीचा नमुना तुकडा, वळण आणि काठाच्या पाइपसकट. तो मुलांनी चालवून पसंत केल्याशिवाय पुढचं काम सुरू नाही. सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, म्हणजे दरसूचीत, अशा भिंतीची बाब सापडणार नाही, तिचं दर-विश्लेषण वेगळं करावं लागतं. हे काम आधीच उरका, नाहीतर फाइल तिथेच बसते.

शेवटचा हात स्टीलच्या थापीने, घट्ट आणि गुळगुळीत. झाडूच्या रेघा नकोत, फरशा नकोत, पेव्हर ब्लॉक तर बिलकूल नकोत, आणि लहान मुलांच्या बागेतलं रबरी आच्छादनही नको; त्यावर चाक फिरतच नाही. गवंड्यांची एक सवय मोडावी लागते: वर आलेलं पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरून घोटणं. कोब्याला ते खपून जातं, इथे तीच पापडी वर्षभरात सुटते. पाणी आपोआप विरेपर्यंत थांबायचं, मग घोटायचं. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सांधे कापून घ्या, साडेतीन मीटरच्या आत आणि जाडीच्या पाव खोलीपर्यंत. उशीर झाला की काँक्रीट स्वतःच हवी तिथे तडकतं. सांधा धावण्याच्या दिशेला काटकोनात हवा, चाकाला समांतर नको. ओल्या गोणपाटाखाली किमान सात दिवस, सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असेल तर चौदा दिवस. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या; मे महिन्यात दुपारी ओतलेली फरशी घोटायच्या आधीच वरून सुकते, आणि जूनमध्ये ओतायची म्हणजे जुगार.

लोखंडाला खारी हवा खाते, हे मुंबईकराला सांगायला नको. भिंतीच्या काठाला दोन इंची पाइप, म्हणजे बाहेरून ६०.३ मिमी, जाड भिंतीचा. वेल्डिंग सगळं संपवून मग गरम जस्तात बुडवून आणलेला. जागेवर पुन्हा वेल्ड मारला तर तेवढंच जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. हा पाइप ओट्याच्या वर आणि भिंतीच्या पुढे साधारण ६ ते १० मिमी बाहेर असावा. आत गेला तर चाकाला लागतच नाही, फार बाहेर आला तर चाक आदळून माणूस मागे फेकला जातो.

मैदान म्हटलं की गणपती आले, नवरात्र आलं, लग्नाचे मंडप आले. एवढी गुळगुळीत फरशी दिसली की कुणीतरी त्यात मंडपाच्या खांबासाठी भोकं पाडणारच. मैदान भाड्याने देण्याच्या अटींत पार्कचा भाग वगळून घ्या, फाटकाची रुंदी टेम्पो आत न येण्याइतकीच ठेवा आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. शेजारी क्रिकेट असेल तर मधे उंच जाळी. झाडांखाली पार्क नको; जांभळं आणि सोनमोहराची फुलं चाकाखाली येतात. सावली बसायच्या जागेवर हवी. कबुतरांना दाणे टाकणारा एक तरी सद्गृहस्थ निघेल, त्याला हात जोडायची तयारी ठेवा.

देखभालीला मोठा खर्च नाही, पण रोजचा झाडू हवा. पाच मिमीचा एक खडा कडक चाक जागेवर अडवतो. मुलांच्या गटाला कुलूपबंद पेटी द्या: मोठा झाडू, वायपर, घासायचा दगड, प्रथमोपचाराचं सामान आणि उसने द्यायला पाच-सहा हेल्मेट. पावसाळा संपला की शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि ब्रशने काढा. अ‍ॅसिडने धुवाल तर वरचं सिमेंट जाऊन खडी उघडी पडेल.

ठेकेदाराचं शेवटचं बिल मंजूर होण्याआधी एक चाचणी राहते. कोरड्या दिवशी टँकरच्या पाण्याने सगळी फरशी भिजवा आणि तासभर थांबा. जिथे पाणी साचून राहील तिथे पोरांना खडूने वर्तुळं काढू द्या. मग सुकल्यावर त्यांनी एकेक सांधा, एकेक काठ बोर्डवरून तपासायचा आणि जिथे चाक अडेल तिथे फुली मारायची. त्या खुणांचे फोटो आणि मापं दोषसूचीला जोडून इंजिनिअरची सही घ्या, आणि फुल्या पुसल्या जाईपर्यंत उद्घाटनाची तारीख कुणालाही देऊ नका.